काय ठेवलं, काय पुसलं : घरातल्या व्हिडिओ रेकॉर्डरचा इतिहास



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, बाईंनी हे काय काढलं! पण निवृत्तीनंतर माझा सगळ्यात जास्त वेळ ज्या वस्तूबरोबर गेला, ती वस्तू म्हणजे पुस्तक नव्हे. इथून दहा मिनिटांवर, सानपाड्यातल्या माझ्या घरी, टीव्हीखालच्या कपाटात ती ठेवलेली आहे. एक व्हिडिओ रेकॉर्डर. २००८ साली मी निवृत्त झाले तेव्हा सिंगापूरहून येणाऱ्या भाच्याला मी तो आणायला सांगितला होता. भाचा म्हणाला, "मावशी, आता हे कोण वापरतं?" मी म्हटलं, "ज्यांच्याकडे जुन्या कॅसेटी आहेत ते वापरतात."

या रेकॉर्डरचं वैशिष्ट्य असं की त्यात तीन प्रकारची मशिनं एकाच पेटीत बसवलेली आहेत. डाव्या बाजूला व्हीएचएस कॅसेटची खाच. उजव्या बाजूला डीव्हीडीचा सरकणारा ट्रे. आणि आत, न दिसणारी, एक हार्ड डिस्क. १६० जीबीची. आजच्या हिशेबाने काहीच नाही, पण मध्यम दर्जाचं रेकॉर्डिंग ठेवलं तर तिच्यावर साधारण ७० तासांचं चित्रण मावतं. कॅसेटवरून हार्ड डिस्कवर घ्या, तिथे नको ते कापा, मग डीव्हीडीवर उतरवा. अशी ती व्यवस्था.

या पेटीबरोबर सतरा-अठरा वर्षं राहिल्यावर मला एक गोष्ट कळली, आणि ती फार सुखाची नाही. ती आज तुम्हाला सांगायची आहे. पण त्यासाठी आधी थोडा इतिहास बघू.

न्यूयॉर्कच्या बातम्या, तीन तास उशिरा

टीव्हीचं चित्र टेपवर साठवायची गरज पहिल्यांदा कुणाला भासली? घरातल्या माणसाला नाही. अमेरिकेतल्या टीव्ही कंपन्यांना. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी बातम्या दिल्या जातात तेव्हा कॅलिफोर्नियात दुपार असते. घड्याळात तीन तासांचं अंतर. तिथल्या लोकांना त्याच बातम्या त्यांच्या संध्याकाळी दाखवायच्या, तर त्या तीन तास कुठेतरी धरून ठेवायला हव्यात. १९५६ साली अँपेक्स कंपनीने पहिलं उपयोगी व्हिडिओ टेप मशीन दाखवलं. टेप दोन इंच रुंद, यंत्र कपाटाएवढं, किंमत फक्त मोठ्या कंपन्यांना परवडणारी. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी सीबीएसने त्यावर बातम्या धरून पश्चिम किनाऱ्यावर उशिरा दाखवल्या.

हे नीट लक्षात घ्या. व्हिडिओ टेपचं पहिलं काम आठवण जपणं हे नव्हतंच. पहिलं काम होतं, थोडा वेळ थांबवून ठेवणं. काम झालं की तीच टेप पुसून पुन्हा वापरायची. म्हणजे पुसता येणं हा या यंत्राचा दोष नव्हे, तो त्याचा जन्मजात गुण होता. फोटोची काच किंवा सिनेमाची फिल्म एकदा उमटली की उमटली. टेप मात्र पाटीसारखी.

पुढची वीस वर्षं हे यंत्र लहान होत गेलं. १९७५ साली सोनीने बीटामॅक्स आणलं. १९७६ साली जेव्हीसीने व्हीएचएस आणलं. दोन्हींची टेप अर्धा इंच रुंद, पण कॅसेट वेगळी, एकीची दुसरीत बसत नाही. बीटामॅक्सचं चित्र थोडं सरस होतं असं जाणकार म्हणत. पण सुरुवातीला बीटाच्या कॅसेटवर एक तास मावायचा, व्हीएचएसवर दोन. त्या लढाईत व्हीएचएस जिंकलं. कारणं अनेक आहेत, वेळ हे त्यातलं एक मोठं कारण.

आपल्याकडे तर हे फारच पटण्यासारखं होतं. आपल्या टीव्ही पद्धतीसाठी, म्हणजे पाल पद्धतीसाठी, जी नेहमीची व्हीएचएस कॅसेट मिळायची तिच्यावर ई-१८० असं लिहिलेलं असायचं. १८० म्हणजे १८० मिनिटं. तीन तास. हिंदी सिनेमा तीन तासांचा. तीन अंकी मराठी नाटक मध्यंतरं वगळली तर तेवढंच. लग्नाच्या चित्रणाची कॅसेट तीन तासांची. जणू जपानमधल्या कुणीतरी आपल्या मांडवात बसूनच माप घेतलं होतं.

आपल्या घरात तो कसा आला

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढची कितीतरी वर्षं एकच वाहिनी, ती काळी-पांढरी, ती संध्याकाळची. कार्यक्रम चुकला की चुकला. १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आलं, आणि त्याच सुमारास व्हीसीआर दिसायला लागले. दुकानातून कमी, विमानतळावरून जास्त. आखातात नोकरीला गेलेला दीर, भाऊ, जावई सुट्टीवर येताना दोन गोष्टी आणायचा, एक टू-इन-वन आणि दुसरा व्हीसीआर. आमच्याकडचा पहिला व्हीसीआर माझ्या धाकट्या दिरांनी १९८६ साली दुबईहून आणला. तेव्हा आम्ही चेंबूरला होतो. लॅमिंग्टन रोडवर त्याचे पार्ट मिळायचे, हेडही तिथूनच बदलून आणायचं.

ज्यांच्याकडे तो नव्हता ते भाड्याने आणायचे. तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल, गणपतीत किंवा सत्यनारायणाच्या रात्री मंडळ टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचं, सोबत तीन कॅसेटी. रात्रभर तीन पिक्चर, सकाळी सहाला परत. तिसऱ्या पिक्चरला सगळी चाळ झोपलेली असायची, पण पैसे भरलेत म्हणून तो लावायचाच. (हशा)

सरकारलाही या पेटीची दखल घ्यावी लागली. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि व्हिडिओ फिल्म त्या कायद्याच्या कक्षेत स्पष्टपणे आली. गंमत म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीविरुद्ध युनिव्हर्सल स्टुडिओ या खटल्यात निकाल दिला. प्रश्न साधा होता. घरी बसून टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी टेप केला, तर ती चोरी का? न्यायालय म्हणालं, नाही. निकाल पाच विरुद्ध चार. एका न्यायाधीशाचं मत फिरलं असतं तर घरगुती रेकॉर्डरचा इतिहास वेगळाच झाला असता.

म्हणजे कायद्यानेही या यंत्राचा हेतू तोच धरला, नंतर पाहण्यासाठी. कायमचं जपण्यासाठी नव्हे. आपण मात्र कॅसेटच्या पाठीवर बॉलपेनने नाव लिहून ती कपाटात ठेवली आणि समजलो, झालं, आता हे कायमचं.

एक कॅसेट

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. हे सांगायचं की नाही याचा मी बराच विचार केला.

माझं माहेर जुन्नरकडचं. धाकट्या भावाचं लग्न १९८९ च्या मे महिन्यात गावीच झालं. तोवर लग्नात फोटोवाल्याबरोबर व्हिडिओवाला यायला लागला होता. खांद्यावर मोठा कॅमेरा, डोळे दिपवणारा लाइट, वायर धरायला एक पोरगा. त्याने आदल्या दिवशी हळदीपासून चित्रण केलं. घाणा भरला, आणि मग बायका जात्यावर हळद दळायला बसल्या. माझी आई जात्याला बसली. आई ओव्या म्हणायची. लहानपणी पहाटे आम्ही त्या ऐकतच जागे व्हायचो. पुढे गावात पिठाची गिरणी आली, जातं भिंतीला टेकवून ठेवलं, आणि ओव्या थांबल्या. लग्नात मात्र ते जातं पुन्हा बाहेर आलं. कॅसेटची सुरुवात ही अशी. पहिला जवळजवळ तासभर घाणा, हळद, जातं आणि ओव्या. मग दुसऱ्या दिवशीचं लग्न.

१९९० साली आई काही दिवस चेंबूरला आमच्याकडे राहायला आली होती. तेव्हा दर रविवारी सकाळी महाभारत लागायचं. २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालेली ती मालिका २४ जून १९९० ला संपली. नेमकं त्या शेवटच्या रविवारी आम्हाला एका बारशाला डोंबिवलीला जायचं होतं. आईला चुटपुट लागली, इतके रविवार पाहिलं आणि शेवटच चुकणार. मी म्हटलं, टायमर लावते, रेकॉर्ड होईल. पण घरात कोरी कॅसेट नव्हती. दुकानं बंद झालेली.

व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होत नाही. पुसलं जाऊ नये म्हणून केलेली सोय. लग्नाच्या कॅसेटची पट्टी व्हिडिओवाल्याने शहाणपणाने मोडून दिली होती. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं, हेही तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी आईला म्हटलं, "लग्नाची कॅसेट आहे, पण सुरुवातीला तुझं जात्यावरचं आहे, ते जाईल." आई म्हणाली, "अगं जाऊ दे की. गाणं कुठं जातंय? मला येतंय. परत म्हणेन."

मी चिकटपट्टी लावली. टायमर एक तासाचा ठेवला.

आईने सोमवारी महाभारत पाहिलं. ती १९९६ साली गेली. मधल्या सहा वर्षांत तिला परत म्हणायला बसवायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. कॅसेट कपाटात होती ना, लग्नाची, नाव लिहिलेली!

२००८ मध्ये हे तीन तोंडांचं मशीन आलं आणि मी एकेक कॅसेट उतरवायला घेतली. लग्नाची कॅसेट लावली. आधी कुरुक्षेत्र. ते संपलं, मग पुढच्या कार्यक्रमाचा थोडा भाग. मग पडद्यावर काही सेकंद नुसते पांढरे ठिपके. आणि एकदम आईचा हात. हिरव्या बांगड्या, जात्याचा खुंटा, आणि एका ओवीची शेवटची अर्धी ओळ. मग बायकांचं हसणं. कॅमेरा मांडवाकडे वळतो. मी मोजलंय, ३८ सेकंद.

ते पांढरे ठिपके का येतात, हे मी नंतर एका जुन्या मेकॅनिककडून समजून घेतलं. व्हीसीआरमध्ये पुसणारं हेड आधी असतं, आणि लिहिणारं फिरतं हेड टेपच्या वाटेवर थोडं पुढे. रेकॉर्डिंग थांबतं तेव्हा त्या दोघांच्या मधला टेपचा तुकडा पुसून झालेला असतो, पण त्याच्यावर नवं काहीच लिहिलेलं नसतं. व्हीएचएसची टेप सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर सरकते, म्हणून तो तुकडा पडद्यावर काही सेकंद दिसत राहतो. तिथे जुनंही नाही आणि नवंही नाही.

तीन कप्पे

शिक्षकाला उदाहरण सापडलं की तो सोडत नाही. या पेटीतल्या तीन कप्प्यांकडे मी तशीच बघत बसले.

प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात स्मृतीसाठी दोन उपमा येतात. पहिली मेणाच्या लादीची. अनुभव मेणावर ठसा उमटवतो, ठसा टिकतो तोवर आठवण टिकते. दुसरी पक्ष्यांच्या पिंजऱ्याची. पक्षी तुमच्या मालकीचे आहेत, पण हवा तो पक्षी हातात यायला तो पकडावा लागतो, आणि कधी भलताच हाती येतो. माझी कॅसेट म्हणजे मेण. ठसा तिच्या अंगावर आहे, दर वेळी लावली की थोडी झिजते, पण कुठल्याही व्हीएचएस मशीनमध्ये चालते. हार्ड डिस्क म्हणजे पिंजरा. क्षणात हवं ते सापडतं, क्षणात पुसलंही जातं. आणि माझ्या मशीनची हार्ड डिस्क काढून संगणकाला लावली तर संगणकाला ती वाचताच येत नाही. पिंजऱ्यातले पक्षी त्या एकाच घराला ओळखतात. घर पडलं की पक्षी गेले.

तिसरा कप्पा डीव्हीडीचा. तिचे पुन्हा प्रकार. वजा-आर, अधिक-आर, आरडब्ल्यू, रॅम. हे चारही प्रकार माझ्या मशीनला चालतात, शेजाऱ्यांच्या प्लेअरला चालतीलच असं नाही. उतरवून झाल्यावर 'फायनलाइज' नावाची एक क्रिया करावी लागते. ती केल्याशिवाय ती डिस्क सहसा दुसऱ्या कुठल्याही यंत्रात वाजत नाही. माझ्या पहिल्या सात-आठ डिस्क मी फायनलाइज न करता नातेवाइकांना वाटल्या होत्या. सगळ्यांनी फोन करून सांगितलं, छान आहे! कुणीही लावून पाहिली नव्हती हे मला पुढे कळलं. (हशा)

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाचे दोन भाग करतात, अनुभव आणि स्मृती. पूर्वीचा अनुभव मनावर संस्कार ठेवून जातो, तो जागा झाला की स्मृती. पण नैयायिक स्मृतीला 'प्रमा' म्हणत नाहीत. ती नवं काही कळवत नाही, आधी कळलेलंच पुन्हा आणते. विद्यार्थी असताना मला हे थोडं अन्यायाचं वाटायचं. ३८ सेकंदांचा तो हात पाहिल्यावर मात्र वाटलं, यात तथ्य आहे. कारण टेपला काहीच आठवत नसतं. तिच्यावर चुंबकीय कणांची एक मांडणी आहे, बस. 'ही तीच' अशी ओळख पटते, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, ती बघणाऱ्याला पटते. माझ्या नातीला त्या ३८ सेकंदांत एक म्हातारी बाई जातं फिरवताना दिसते. तिच्यासाठी संस्कारच नाही, मग स्मृती कुठून जागी होणार? तिला कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. ही कोण, हे काय करते, या ओवीत कुणाचं नाव आहे.

आणि आईचं ते वाक्य, "गाणं कुठं जातंय? मला येतंय." मी तेव्हा ते भाबडेपणा समजले. आज वाटतं, त्या दिवशी आमच्या दोघींत स्मृती म्हणजे काय हे तिला जास्त नीट कळलं होतं. तिच्या लेखी गाणं कॅसेटमध्ये नव्हतंच, ते तिच्यात होतं. म्हणून कॅसेट पुसली तर काही बिघडत नव्हतं. चूक झाली ती माझी. मी गाणं तिच्याकडून शिकून घेतलं नाही, कारण ते कॅसेटमध्ये आहे. आणि कॅसेट पुसली, कारण ते तिला येतंय.

मोठ्यांच्या घरीही तेच

पुसण्याची चूक फक्त घरांनी केली असं नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७० च्या दशकापर्यंत कितीतरी मालिकांच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग होती, जागा कमी होती, आणि जुना कार्यक्रम पुन्हा कोण बघणार असं वाटत होतं. आपल्या दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातही टेपा पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. त्या वर्षांतल्या अनेक कार्यक्रमांचं आज काही उरलेलं नाही. तिथे कुणी दुष्ट नव्हतं. समोर कोरी टेप नव्हती आणि उद्याचा कार्यक्रम होता. माझ्यासारखंच.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होत्या. त्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटापासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत घरी अनेक व्हीसीआर लावून टीव्हीवरच्या बातम्या टेप केल्या, अहोरात्र. जेवायला बाहेर गेल्या तरी टेप बदलायच्या वेळेला घरी परत. सुमारे ७० हजार कॅसेटी झाल्या. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटला. आज त्या कॅसेटी इंटरनेट आर्काइव्हकडे आहेत, कारण वाहिन्यांनी स्वतःही ते सगळं ठेवलेलं नव्हतं.

मग नियम कोणता? मी माझ्या कपाटातल्या ११४ कॅसेटींची यादी केली आणि तिच्याकडे पाहून जे दिसलं ते सांगते. बहुतेक कॅसेटी सिनेमांच्या, मालिकांच्या, क्रिकेटच्या. आज त्यातलं जवळजवळ सगळं फोनवर मिळतं. महाभारत तर २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखवलं, तो शेवटचा भागही. घरचं चित्रण होतं फक्त नऊ कॅसेटींवर, आणि त्यातल्या चारांवर आम्ही नंतर काहीतरी रेकॉर्ड केलेलं होतं. म्हणजे जे हजारो घरांत होतं ते आम्ही सांभाळलं, आणि जे जगात एकाच ठिकाणी होतं ते पुसलं. त्या वेळी हे उलटं वाटायचं. टीव्हीवरचं पुन्हा मिळणार नाही, घरचं काय, माणसं आहेतच की!

घरगुती रेकॉर्डरच्या तीस-पस्तीस वर्षांच्या इतिहासाचं माझ्या मते हेच सार आहे. मी कपाटं पाहिली आहेत ती माझी आणि मैत्रिणींची. पण तुम्ही घरी जाऊन तुमचं कपाट उघडा आणि मला खोटं ठरवा.

उतरवून घेणं

पण इथे थांबलं तर नुसता पश्चात्ताप होईल, आणि पश्चात्ताप हे काही व्याख्यान नव्हे.

आपल्या भाषेत उतरवून घेण्याची परंपरा मोठी आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला झाली. पुढची तीनशे वर्षं ती हाताने उतरवली गेली आणि तोंडाने म्हटली गेली. प्रती वाढल्या तसे पाठभेद वाढले, चुका शिरल्या. शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती जमवून, ताडून, शुद्ध प्रत तयार केली. आपल्याला ज्ञानेश्वरी मिळाली ती कुणी पोथी फडक्यात बांधून जपली म्हणून नव्हे. दर पिढीत कुणीतरी ती पुन्हा उतरवली, पुन्हा म्हटली म्हणून. जी पोथी कुणी उघडली नाही तिला वाळवी लागली.

ओव्यांचंही तसंच. पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून अधिक. नव्वदच्या दशकात त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने आल्या. मी त्या ऐकते. त्यात माझ्या आईचा आवाज नाही, पण तिच्या चालीच्या जवळच्या चाली आहेत. ती अर्धी ओळ कशी सुरू होत असेल याचा अंदाज मला तिथून आला.

व्हिडिओ कॅसेटला मात्र तीनशे वर्षं नाहीत. टेपवरचा थर सुटतो. आपल्याकडे तर खाडीजवळची हवा. पावसाळ्यात कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. ती कॅसेट तशीच मशीनमध्ये घातली तर हेडही खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांतल्या लग्नाच्या कॅसेटी गेल्या असतील, त्याचा कुणी पंचनामा केला नाही.

यंत्रंही संपत आली. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत केबल डिजिटल झालं, सेट टॉप बॉक्स आला, आणि माझ्या मशीनचा ट्यूनर एका रात्रीत निकामी झाला. तेव्हापासून ते टीव्हीवरचं थेट काही धरू शकत नाही. मला वाईट वाटलं, मग हायसं वाटलं. आता ते फक्त जुनंच वाचणार. २०१६ च्या मार्चमध्ये सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेटी बनवणं थांबवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणारी तीच उरली होती. म्हणजे आज जगात जेवढी चालू मशिनं आहेत तेवढीच, त्यात भर पडायची नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगते. घरचं चित्रण असलेल्या कॅसेटी आधी वेगळ्या काढा, सिनेमे राहू द्या. मागची पट्टी शाबूत असेल तर आजच मोडा, आणि चिकटपट्टी लावू नका. बुरशी दिसली तर घरी प्रयोग करू नका, साफ करणाऱ्याकडे द्या. उतरवल्यावर दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत दुसऱ्याच्या घरी. दर पाच-सात वर्षांनी ती उघडते का बघा, आणि नव्या साधनावर घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या जुन्या कॅसेटी इथे उड्या मारत दिसतील किंवा काळ्या-पांढऱ्या दिसतील, कारण तिकडची पद्धत एनटीएससी, ५२५ रेषांची, आपली पाल ६२५ रेषांची. त्या फेकू नका, दोन्ही पद्धती वाचणारं मशीन शोधा.

आणि शेवटची गोष्ट, जी मशीन करू शकत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. या यंत्राला घाई करता येत नाही. आधी मला याचा कंटाळा यायचा. मग मी नातीला शेजारी बसवायला लागले. कोण कोण आहे ते तिला सांगते, ती वहीत लिहिते. मिनिट बारा, काळी टोपी, पणजोबांचे चुलत भाऊ. असं. त्या वहीशिवाय त्या डिस्कला काही अर्थ नाही. आईची ती अर्धी ओळ मी तिला शिकवली. पुढची अर्धी आम्ही दुसऱ्या बायकांच्या ओव्यांवरून जुळवून घेतली. ती बरोबर आहे असा माझा दावा नाही. एकनाथांकडे ताडून बघायला प्रती होत्या, माझ्याकडे ३८ सेकंद आहेत.

माझं मशीन अजून चालतंय. पावसाळ्यात कधी कधी त्यावर 'ड्यू' अशी अक्षरं येतात, म्हणजे आत दमट झालंय, थांबा. मग मी थांबते. बाकी दिवशी ते रिकामंच असतं. तुमच्याकडे अशी घरची कॅसेट असेल तर घेऊन या. तीन तास बसायची तयारी ठेवून या, आणि जमलं तर घरातलं एखादं लहान मूल आणि एक वही बरोबर आणा. चहा माझा.

आता प्रश्न असतील तर विचारा.